मीठ बेताचं आहे

"चपला काढा काका. चपलांचं वजन खोटं असतं," तांबवेकर म्हणाला.

मी चपला काढून काट्यावर उभा राहिलो. त्याने वाकून आकडा बघितला आणि असा सुस्कारा सोडला, की माझ्या वाटणीचं वजन त्याच्या घरातून चोरीला गेलंय असं वाटावं.

"अरेरे. शरीर रुसलंय तुमच्यावर."

"रुसलं नाही. चक्कर आली होती, एवढंच."

"तेच ते. शरीराची रुसण्याची भाषा असते ती."

मागे रांगेत उभ्या असलेल्या बायका 'खरंय, खरंय' म्हणाल्या. हा माणूस काही वर्षांपूर्वीपर्यंत मिरजेत दारोदार फिरून पाणी गाळायची यंत्रं विकायचा. आमच्याकडेही आला होता. आमच्या नळाच्या पाण्यात काय काय वळवळतं ते त्याने माझ्या बायकोला, शालनला, काचेच्या पेल्यात दाखवलं होतं. शालन म्हणाली होती, "आम्ही हेच पिऊन म्हातारे झालो. आता काय वळवळायचं ते वळवळू दे." तोच तांबवेकर मग कुठे तरी जाऊन काही तरी शिकून आला. पांढरा झब्बा घातला, नावापुढे 'आहारमित्र' लावलं आणि लोक त्याला सर म्हणायला लागले. यंत्र विकताना त्याला कुणी बसा म्हटलं नव्हतं. आता आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये त्याच्यापुढे शिकलीसवरली माणसं मांडी घालून बसली होती. 'वसंत आहार-साधना', आठवडाभराचं शिबिर.

मी त्यात का गेलो, तर घर वाचवायला.

शालनला जाऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. होळीच्या सुमारास मी मंडईत चक्कर येऊन पडलो. कोथिंबिरीच्या ढिगावर पडलो म्हणून लागलं नाही, पण कोथिंबीरवालीने केलेला आरडाओरडा पुण्यापर्यंत पोचला. मुलगा गिरीश आणि सून केतकी दुसऱ्याच दिवशी हजर. केतकीने स्वयंपाकघर उघडून बघितलं. डब्यात बेकरीचे बटर होते, पातेल्यात चहा होता आणि कालचा भात होता. मी सकाळी चहात बटर बुडवून खायचो आणि दुपारी ओट्याशी उभा राहून भात-ताक. ताट घ्यायचो नाही.

"बाबा, हे काय जेवण आहे?" गिरीश म्हणाला.

"माणूस जगतो याच्यावर."

"पडतो याच्यावर. ते काही नाही, तुम्ही पुण्याला चला. हे घर भाड्याने देऊ."

मला पुण्याचं ते घर माहीत होतं. लिफ्टने वर जायचं, लिफ्टने खाली यायचं. खिडकीतून बघितलं तर समोरच्या इमारतीतला माणूस दाढी करताना दिसायचा. आणि हे घर मी रेल्वेत फिटर असताना बांधलेलं. याच्या परसात शालनची जाई होती, याच घरात ती गेली. मी नाही म्हटलं. गिरीशने आवाज चढवला, मीही चढवला. तेव्हा केतकीने मधला रस्ता काढला. ती फोनवर या तांबवेकरचे व्हिडिओ बघायची. तो मिरजेतच आहे हे तिला कळल्यावर तिला देव भेटल्यासारखं झालं.

"बाबा, सरांचं शिबिर पाडव्यानंतर तुमच्याच हॉलमध्ये आहे. पूर्ण करा. तुम्ही नीट जेवायला लागलात असं सर म्हणाले, तर राहा इथेच. नाहीतर पुणे."

"म्हणजे मी कुठे राहायचं ते तो फिल्टरवाला ठरवणार?"

"आहारतज्ज्ञ आहेत ते."

"बरं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तर मी गेलो. पहिल्या दिवशी तांबवेकरने वसंत ऋतू समजावून सांगितला. थंडीत साठलेला कफ चैत्राच्या उन्हाने पातळ होतो, भूक मंद होते, म्हणून हलकं खावं. जुनं धान्य, जव, मूग, मध, कडू भाज्या. आंबट वर्ज्य, गोड वर्ज्य, तळलेलं वर्ज्य, दुपारची झोप वर्ज्य. यात काही वाईट होतं असं मी म्हणत नाही. माझी आईही फाल्गुन सरला की गूळपोळी बंद करायची. पण ती बंद करायची आणि गप्प बसायची. हा बोलायचा.

आणि त्याच्याकडे घंटा होती. छोटी, पितळेची. पुढ्यात वाटीभर जवाची खिचडी यायची, मिठाशिवाय. घंटा वाजली की वाटीकडे बघायचं. पुन्हा वाजली की वास घ्यायचा. पुन्हा वाजली की घास. मग डोळे मिटून चावत बसायचं आणि ज्या शेतकऱ्याने जव पेरले त्याचे मनातल्या मनात आभार मानायचे. माझ्या शेजारी बसलेले आवटी साहेब, बँकेतून निवृत्त झालेले, पहिल्याच दिवशी आभार मानता मानता घोरायला लागले. तांबवेकर हळू आवाजात म्हणाला, "बघा, किती खोल गेलेत."

मधल्या सुट्टीत आवटी साहेबांनी मला खूण करून हॉलच्या मागे नेलं. त्यांच्या स्कूटरच्या डिकीत भडंगाची पुडी होती.

"घ्या वामनराव. लसूण चांगला लागलाय."

"तुम्ही कशाला येता मग इथे?"

"बायको आत बसलीय ना. ती येते म्हणून मी येतो. तिला वाटतं माझं कोलेस्टेरॉल घंटेला घाबरतं." त्यांनी मूठभर भडंग तोंडात टाकलं. "तुम्ही?"

"घर वाचवायला."

त्यांना ते कळलं नाही, पण त्यांनी पुडी माझ्यापुढे धरली. मी दोन दाणे घेतले आणि तसेच गिळले. चव बघितली नाही.

शिबिरात एक गोष्ट होती जी मला जमत नव्हती आणि मी जमवणारही नव्हतो. घास चावून झाला की एकेकाने उठून त्याचं वर्णन करायचं. तांबवेकर त्याला 'चव-कथन' म्हणायचा. बायका उठून सांगायच्या, "मला मुगात पहाट जाणवली." "मला माझं बालपण लागलं." एका बाईंना जवात नदी लागली. लोक माना डोलवायचे. ज्या बाईंना नदी लागली त्यांच्या घरून महिन्यातून चार वेळा खानावळीचे डबे येतात हे अख्ख्या कॉलनीला माहीत होतं.

माझी पाळी आली की मी उठायचो, "मीठ नाही" म्हणायचो आणि बसायचो.

"काका, मिठाच्या पलीकडे जा," तांबवेकर म्हणायचा.

"मिठाच्या अलीकडेच आहे मी अजून. मीठच नाही तर पलीकडे कसा जाऊ?"

लोक हसायचे. तोही हसायचा, पण रोज संध्याकाळी केतकीला फोन करायचा. आणि मग केतकीचा मला यायचा.

"बाबा, तुम्ही सहकार्य करत नाही म्हणे."

"खातो की त्याचं उकडलेलं."

"खाता, पण अनुभवत नाही म्हणाले सर. नुसतं गिळता. बाबा, प्लीज. गिरीशने इकडे भाडेकरूसुद्धा बघून ठेवलाय."

मी फोन ठेवला. स्वयंपाकघरात गेलो, ओट्याशी उभा राहून भात गिळला. खरं होतं ते, मी गिळतच होतो. पण ते त्या झब्बेवाल्याने सांगावं याचा मला राग होता.

त्याच आठवड्यात शेजारच्या पद्माक्का आल्या. पद्माक्का म्हणजे शालनची मैत्रीण, भिंतीला भिंत. चैत्रात घरोघरी गौर बसते. गौर महिनाभर माहेरी आलेली असते म्हणून तिला पितळेच्या झोपाळ्यात बसवायचं, आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, सगळा थाट करायचा आणि बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचं. शालनची गौर दरवर्षी बसायची. यंदा ती पंच्यात गुंडाळलेली कपाटात होती.

"वामनराव, गौर माझ्याकडं द्या. माझ्या गौरीशेजारी बसवते," पद्माक्का म्हणाल्या. "चैत्रात गौर कपाटात ठेवू नये हो. माहेरी आलेल्या पोरीला कोंडल्यागत होतंय."

"राहू दे."

"तुम्हाला बसवता येत नाही, मला देतही नाही."

"पद्माक्का, राहू दे म्हटलं ना."

त्या दारात थांबल्या. "जेवता का काही?"

"शिबिरात जातो."

"त्या फिल्टरवाल्याच्या?" त्यांनी पदराने तोंड झाकलं. हसू आलं होतं त्यांना. "कैरी खाऊ नका सांगतो म्हणे तो चैत्रात. माझी नणंद जाते ना, ती सांगत होती. मग चैत्रात काय खायचं? शेवग्याचा पाला?"

"तोही उकडून."

"शालन असती तर तिनं त्याला घंटेसकट बाहेर काढलं असतं," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

शेवटच्या दिवशी समारोप होता. हॉलला आंब्याची पानं बांधली होती. मागे खुर्च्या टाकल्या होत्या, नातेवाइकांसाठी. गिरीश आणि केतकी पुण्याहून आले होते. गिरीश सारखा घड्याळ बघत होता. त्याने आल्या आल्या मला सांगितलं होतं, "बाबा, सर काय म्हणतात ते बघू. पण एक बॅग भरून ठेवा." मी भरली नव्हती.

तांबवेकरने भाषण केलं. माणूस जेवताना जेवत नाही, तो फोन खातो, टीव्ही खातो, काळजी खातो. टाळ्या पडल्या. मग त्याने एकेकाला पुढे बोलावून चव-कथन करायला लावलं. नदीवाल्या बाईंना आता समुद्र लागला. आवटी साहेब म्हणाले, "मला मुगात समाधान लागलं," आणि खाली बसताना मला डोळा मारला. त्यांच्या झब्ब्याला लसणाचा वास येत होता.

"आता आपले वामनकाका," तांबवेकर म्हणाला. "काका आपल्या शिबिरातला सगळ्यात अवघड धडा आहेत. धडा म्हणजे आमच्यासाठी धडा." लोक हसले. "काकांनी दुःख पाहिलंय. दुःखाने त्यांची जीभ मिटलीय. आज ती आपण उघडणार आहोत."

माझ्या दुःखाचं नाव त्याने असं हॉलमध्ये घेतलं, तोरणाखाली, घंटा हातात धरून. मी उठलो. पुढे जाऊन पाटावर बसलो. माझ्यापुढे उकडलेल्या मुगाची वाटी आली. घंटा वाजली. मी वाटीकडे बघितलं. घंटा वाजली. वास घेतला, कसलाच नव्हता. घंटा वाजली. मी घास गिळला.

"बोला काका."

"मीठ नाही."

या वेळी कुणी हसलं नाही. तांबवेकर माझ्याजवळ वाकला आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "काका, सून मागे बसलीय. मला तिला खरं ते सांगावं लागेल. तुम्हाला जायचंय का पुण्याला?"

यंत्र विकताना तो असाच बोलायचा. 'वहिनी, तुम्हाला कावीळ व्हायला हवीय का?' तोच आवाज.

मी काही बोलणार एवढ्यात दारातून पद्माक्का आत आल्या. त्यांच्या घरी त्या दिवशी हळदीकुंकू होतं. नऊवारी नेसलेल्या, हातात झाकलेली वाटी, गालाला हळद लागलेली. त्यांनी कुणाकडेही बघितलं नाही. सरळ माझ्यापुढे येऊन वाटी ठेवली आणि वरची ताटली काढली.

आंब्याची डाळ होती.

"गौरीला नैवेद्य दाखवून आणलीय," त्या म्हणाल्या. "दरवर्षी शालनकडची वाटी माझ्याकडं यायची. यंदा माझ्याकडची तुमच्याकडं. घरी गेले होते, कुलूप होतं. म्हणून इथं आले."

"ताई, इथे शिबिर सुरू आहे," तांबवेकर म्हणाला. "आणि वसंतात आम्ल वर्ज्य असतं. कैरीने कफ चाळवतो. शास्त्र आहे ते."

"असेल की. पण गौर दर चैत्रात येते आणि हेच खाऊन जाते. तुमचं शास्त्र तिला कुणी वाचून दाखवलेलं दिसत नाही."

मागे बायका खुदकन हसल्या. मी वाटीकडे बघत होतो. वरून फोडणी घातलेली, मोहरी आणि सुक्या मिरचीचे तुकडे, कढीपत्त्याचं एक पान डाळीला चिकटलेलं. हिंगाचा वास आला. गेल्या चैत्रात हाच वास मी रोज आमच्या पलंगाशी बसून घेतला होता.

मी बोटांनी घास घेतला. तोंडात ठेवला. आणि चावायला लागलो. घंटा वाजली नव्हती.

मग मी बोलायला लागलो. कुणासाठी बोललो ते तेव्हा माझ्या ध्यानात नव्हतं. डोळे मिटले होते, तेही कुणी सांगितल्याने नाही.

"डाळ भरड वाटलीय," मी म्हटलं. "पार गंध नाही केला. मधेच एखादा दाणा अख्खा लागतोय, कच्चट, हरभऱ्याच्या घाट्यासारखा. कैरी किसलेली नाही, बारीक कापून डाळीबरोबर वाटलीय. त्यामुळे आंबट एकदम अंगावर येत नाही, दाढेत गेल्यावर येतं. कैरी कोवळी आहे, कोय धरलेली नाही. हिरव्या मिरच्या दोन घातल्यात, पण त्या आधी लागत नाहीत, घास गेला की मागून येतात, घशाशी. साखर घातलीय चिमूटभर. हिंग जास्त झालाय. तेल गरम होतं, मोहरी सगळी फुटलीय, एकही कच्ची नाही. आणि मीठ..."

मी थांबलो.

"मीठ बेताचं आहे. तुझ्यापेक्षा चिमूट कमी."

डोळे उघडले तर पद्माक्का पदर डोळ्याला लावून दाराकडे चालल्या होत्या. त्यांना कळलं होतं. बाकी कुणाला काय कळणार? बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. जोरात. आवटी साहेबांनी उभं राहून वाजवल्या. आणि तांबवेकर माझ्या खांद्यावर हात ठेवून लोकांना सांगत होता, "बघा! बघा मित्रांनो! याला म्हणतात सजग आहार. एका आठवड्यापूर्वी हा माणूस घास गिळत होता. आज एकेक कण वेगळा सांगतोय. ही साधना आहे. हे आपल्या शिबिराचं यश आहे!"

मी त्याचा हात खांद्यावरून काढला. त्याला वाटलं मी नमस्कारासाठी काढला. त्याने हात जोडले.

गिरीश पुढे आला. त्याने फोनवर सगळं टिपलं होतं. "कमाल केलीत बाबा," तो म्हणाला. मग तांबवेकरकडे वळला. "सर, मग काय वाटतं? इथे राहू शकतील ते?"

माझा मुलगा. शिकलेला, पंधरा माणसं हाताखाली असलेला. बाप समोर उभा आहे आणि विचारतोय कुणाला, तर फिल्टरवाल्याला.

"बेशक," तांबवेकर म्हणाला. "जीभ उघडलीय. आता भीती नाही. फक्त पुढच्या शिबिरालाही येऊ देत, सरावासाठी."

"मग राहा बाबा," गिरीश म्हणाला.

मी एक शब्द बोललो असतो तर त्या माणसाची फजिती झाली असती आणि मी पुण्याला गेलो असतो. मी डाळीची वाटी उचलली, ताटली झाकली आणि घरी आलो. त्याने तो व्हिडिओ पुढे बरीच वर्षं दाखवला म्हणे. दाखवू दे. यंत्र विकणारा माणूस काही तरी विकणारच.

घरी आल्यावर गिरीश फोनवर बोलत अंगणात गेला. त्या भाडेकरूला नाही म्हणून सांगत होता. मी डाळीची वाटी ओट्यावर ठेवली आणि तिथेच उभा राहिलो. केतकी आत आली.

"बाबा, एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही 'तुझ्यापेक्षा चिमूट कमी' म्हणालात. पद्मामावशींना तर तुम्ही अहो-जाहो करता."

मला वाटत नव्हतं कुणी ऐकलं असेल म्हणून. या पोरीबद्दल माझं मत फार बरं नव्हतं. फोन बघून जेवण ठरवणारी म्हणून मी तिला कधी धरलंच नव्हतं हिशोबात. पण टाळ्या वाजत असताना ती टाळ्या वाजवत नव्हती. हे मला आत्ता आठवलं.

"सासूबाईंना म्हणालात ना?"

मी हो म्हटलं. मग सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण वाटी समोर होती.

शालनला अन्ननलिकेचा कॅन्सर होता हे गिरीश-केतकीला माहीत होतं. नाकातून नळी घातली होती हेही माहीत होतं. त्या नळीतून दूध जायचं, पेज जायची. तोंडात थेंब जात नव्हता. ते दर रविवारी फोन करायचे, 'जेवली का आई', आणि मी 'जेवली' म्हणायचो. पण नळीने जेवण जातं, चव जात नाही.

"गेल्या चैत्रात तिने पलंगावरून सांगून सांगून माझ्याकडून गौर बसवून घेतली," मी म्हटलं. "डाळही माझ्याकडूनच करून घेतली. शेगडी पलंगाशी आणायला लावली. फोडणी डोळ्यांसमोर झाली पाहिजे म्हणे. मी गौरीला नैवेद्य दाखवला. मग वाटी उचलून आत निघालो, तिच्यासमोर खायचं कसं म्हणून. तर ती म्हणाली, 'कुठे चाललात? इकडे आणा.' मी म्हटलं, 'तुला गिळता येत नाही आणि मी तुझ्यासमोर खाऊ?' ती काय म्हणाली माहीत आहे?"

केतकीने मान हलवली.

"म्हणाली, 'गौर तरी कुठे गिळते? मी आता गौरीसारखी. मला नुसता दाखवा, आणि प्रसाद तुम्ही खा. पण खाताना सांगा, कसा झालाय.'"

मी थांबलो. अंगणातून गिरीशचं हसणं ऐकू येत होतं.

"मग रोज तेच. भाजी असो, आमटी असो, मी ताट घेऊन तिच्यासमोर बसायचो. घास घ्यायचा, चावायचा, सांगायचं. 'छान आहे' म्हटलेलं तिला चालायचं नाही. 'छान म्हणजे काय? मोहरी फुटली का? डाळ कच्ची लागते का? मीठ कसं आहे?' मी फिटर माणूस. मला डाळीत काय काय असतं ते कुठे माहीत? पण शिकलो. ती ऐकायची आणि जीभ ओठांवरून फिरवायची. तिचं जेवण ते. शेवटी शेवटी तर तिला बोलता येत नव्हतं, तेव्हा बोटांची चिमूट करून दाखवायची. मीठ विचारायची."

केतकीने ओट्यावरच्या वाटीकडे बघितलं.

"म्हणून मी ताट घेऊन बसत नाही," मी म्हटलं. "बसलं की सांगावंसं वाटतं."

मला वाटलं आता ही रडणार, आणि मग मला हिला गप्प करावं लागणार. ती रडली नाही. तिने फडताळातून ताट काढलं. येताना विकत आणलेल्या पोळ्या होत्या, त्यातली एक घेतली. वाटीतली डाळ ताटात वाढली. खाली पाट मांडला आणि म्हणाली, "बसा."

मी बसलो. ती माझ्यासमोर भिंतीला टेकून बसली, गुडघ्यांवर हात ठेवून.

"बाबा, आम्ही गेल्यावर तुमच्यासमोर कोण बसणार रोज?"

तेवढा एकच प्रश्न त्या आठवड्यात कुणी तरी शहाणपणाचा विचारला होता.

"भिंतीपलीकडे पद्माक्का आहेत. त्यांना ओरडून सांगेन, डाळ कशी झालीय ते. आणि उद्या गौर त्यांच्याकडे देणार आहे. उद्या कशाला, आज संध्याकाळीच देतो."

"आणि मला फोन करायचा. जेवताना."

"तुला कशाला?"

"मला स्वयंपाक येत नाही बाबा. मी ओट्स खाते, ते मला आवडतात म्हणून नाही. मला दुसरं काही करता येत नाही म्हणून. तुम्ही सांगाल तर शिकेन."

मी पोळीचा तुकडा मोडला. डाळीला लावला. ती पुढे वाकली.

"मीठ बरोबर आहे?" तिने विचारलं.

मी घास तिच्यापुढे धरला.

"खाऊन बघ," मी म्हटलं. "नुसतं दाखवायला तू काही गौर नाहीस."